इंद्रभानचा फिरता घोडा

वडनेर भोलजीला हायवेच्या कडेला एक कडुनिंब आहे आणि त्याच्या आडव्या फांदीला रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा साखळीने टांगलेला आहे. तो देवळाचा नाही की शाळेचा नाही, ट्रॉलीच्या वर्कशॉपचा आहे. ट्रॅक्टरची ट्रॉली जुळवताना सांगाडा आधी उलटा घालून जोडतात, मग तो सुलटा करावा लागतो, आणि ते काही एकट्यादुकट्याचं काम नव्हे. चार कोपऱ्यांना चार माणसं लागतात. सांगाडा पलटी करायची वेळ आली की इंद्रभान हातोडा घेऊन झाडाखाली जायचा आणि रुळावर तीन टोले द्यायचा. मग शेजारच्या टायरच्या दुकानातून गोपाल यायचा, पलीकडच्या बॅटरीच्या दुकानातून प्रसेनजित यायचा, आणि इंद्रभानचा धाकटा भाऊ हरिओम तर शेडमध्येच असायचा.

हा रूळ त्यांच्या वडिलांनी टांगला होता. वडील सुतार. आजूबाजूच्या गावांत बैलगाड्या त्यांच्याच हातच्या. लाकडी चाकावर तापलेली लोखंडी धाव चढवायची म्हणजे चहूकडून चिमटे धरायला माणसं लागत, तीही लगोलग, नाहीतर धाव थंड होते आणि चाक वाया जातं. म्हणून ट्रकच्या हॉर्नमधून आणि पिठाच्या गिरणीच्या घरघरीतूनही ऐकू जावा असा रूळ म्हाताऱ्याने शोधून आणला आणि एक नेम घालून दिला. टोल्याला नाही म्हणायचं नाही. ताटावर असाल तर उष्ट्या हाताने उठा, भांडणात असाल तर भांडण ठेवून या, ते कुठे पळून जात नाही. पुढे गाड्या गेल्या, ट्रॉल्या आल्या, ग्राइंडर आलं, पण नेम राहिला. पलटी झाली की चहा व्हायचा आणि चहा झाला की ज्याचं त्याचं काम.

वडील गेले तेव्हा हरिओम अजून शाळेत होता. त्याला वाढवलं ते इंद्रभानने. वाढवलं म्हणजे लाड केले असं नाही. लाड हा शब्द त्या माणसाला ठाऊक नव्हता. अंगाने काटक, मानेवर ठिणग्यांचे काळे ठिपके, बोलणं तोंडातून निघायचं तेच मुळी तासून टोकदार केलेलं. पण हरिओमच्या हातात पहिल्यांदा वेल्डिंगचा होल्डर दिला तेव्हा मागे उभं राहून त्याचं मनगट धरून पूर्ण टाका त्यानेच ओढून दिला होता. हरिओमला आपल्या भावाची माया आठवायची झाली की ते मनगटच आठवायचं. आणि खरं सांगायचं तर एवढ्यावर त्याचं आयुष्य नीट चाललंही असतं.

मध्येच विमान उपटलं. बऱ्याच वर्षांपूर्वी एक छोटं विमान कुठेतरी शेतात उतरताना मोडलं आणि त्याचे तुकडे ट्रकवर घालून नेत होते. त्या ट्रकचं टायर नेमकं वडनेरला बसलं. गोपाल जॅक लावत होता आणि इंद्रभान ट्रकवर चढून ताडपत्री उचलून बघत होता. विमानाच्या धडावरचं कापड फाटलं होतं आणि आतून पाईप दिसत होते. पाईप, पाईपाला जोडलेले पाईप, जोडावर वेल्डिंगचा टाका. इंद्रभान खाली उतरला तो जरा वेगळाच माणूस होऊन. रात्री जेवताना एवढंच म्हणाला की त्यात आपल्याला न येणारं काहीच नाही.

त्यानंतर मोबाइल आला, आणि घरच्या घरी विमान बांधणारे देशोदेशीचे लोक त्याच्या तळहातावर येऊन बसले. पन्नाशी उलटल्यावर त्याने खरोखरच काम काढलं. लोकांनी हसायचं तेवढं हसून घेतलं. सोयाबीन काढायला उडत जाणार का, असं विचारून झालं, परवानगी कोण देणार हेही विचारून झालं. बायको सरस्वतीबाई तेवढी काही बोलली नाही. दारू पीत नाही, पत्ते खेळत नाही, पाईप जोडतो, तर जोडू दे, असा तिचा हिशेब होता.

गंमत अशी की विमानाच्या धडाला ट्रॉलीपेक्षा फार पलट्या लागतात. ट्रॉलीला वरून टाका मारता आला नाही तर खालून आडवं पडून मारतात. लोखंड ओघळतं, जोड ओबडधोबड होतो, पण ट्रॉलीला काय, ती जमिनीवरच चालायची. विमानाला तसं चालत नाही. प्रत्येक जोड वरच्या अंगाला घेऊनच मारायचा, आणि एका बाजूचे सगळे जोड एकदम मारले तर उष्णतेने सांगाडा केळीसारखा वाकतो. म्हणून थोडं इकडे मारा, पलटी, थोडं तिकडे मारा, पुन्हा पलटी. वजन काही फार नव्हतं, चार माणसं हसत उचलत. पण लांबी मोठी आणि पाईप नाजूक. एक कोपरा मागेपुढे झाला की पीळ पडायचा, म्हणून चार माणसं लागायचीच.

पहिले काही दिवस गोपाल आणि प्रसेनजित हौसेने आले. पुढे टोले सकाळी पडू लागले, दुपारी पडू लागले, गिऱ्हाईक समोर उभं असताना पडू लागले. चहाही पातळ होत गेला. नेम होता म्हणून येत, पण चेहरे घेऊन येत. सगळ्यात मोठा चेहरा हरिओमचा. कारण ट्रॉल्यांचं काम आता त्याच्या एकट्याच्या अंगावर होतं, शेतकऱ्यांच्या शिव्याही तोच खात होता, आणि मोठा भाऊ पाईपाला कान लावून बसलेला.

एक दिवस पलटी अर्ध्यावर असताना हरिओमच्या खिशातला फोन वाजला. गिऱ्हाईकाचा असणार म्हणून त्याने एक हात काढला. एकच हात. शेपटीकडचा कोपरा निसटला, जमिनीवर आपटला आणि एक पाईप वाकला. गोपाल म्हणाला, कापून दुसरा टाकू. प्रसेनजितही तेच म्हणाला. इंद्रभान वाकलेल्या पाईपावरून नुसता हात फिरवत राहिला आणि मग सगळ्यांच्या देखत, भावाकडे न बघता बोलला.

"तुमच्या हाताच्या भरोशावर हे काम होत नाही. आजपासून मले कोनाची गरज नाही."

हरिओमच्या तोंडातून गेलं, "मंग बोलावू बी नोको."

टाळी एका हाताने वाजत नाही म्हणतात. तिथे दोन्ही हात जोरात आले होते. हरिओमने आपली मशीन, ग्राइंडर, चिमटे उचलले आणि कडुनिंबाच्या पलीकडची जुनी शेड, जिथे पूर्वी ट्रॉल्यांना रंग मारत, तिथे गेट आणि खिडक्यांच्या ग्रिलचं आपलं काम सुरू केलं. मधे अंतर किती, तर एक अंगण. त्या शेडच्या मागेच त्याचं घर होतं.

इंद्रभानचं घर गावात होतं, पण आता तो दिवस दिवस शेडमध्येच असे. पंधरवड्यात त्याने फिरता घोडा उभा केला. घोडा म्हणजे काम ठेवायची लोखंडी तिवई, हे सगळ्यांना माहीत; पण हा घोडा फिरत होता. त्याने दोन मोठी लोखंडी कडी घेतली, त्यात विमानाचं धड पुढून आणि मागून क्लॅम्पने घट्ट आवळलं, आणि प्रत्येक कडं अँगलच्या तिवईवर, बेअरिंगच्या दोन चाकांवर ठेवलं. पुढच्या कड्याला भोकं पाडून त्यात ट्रॉलीच्या हुकाची पिन घातली. पिन काढायची, एका हाताने कडं ढकलायचं, हवा तो जोड वर आला की पिन घालायची, झालं. शेकोटीवर कणीस फिरवावं इतक्या सहज ते धड फिरायचं. काम खरंच देखणं होतं. हरिओमने आपल्या शेडच्या दारातून पाहिलं आणि पोटातून कौतुक आलं. मग त्याने कडी ओळखली. ती बाबांनी केलेल्या शेवटच्या चाकांच्या धावा होत्या. शेडच्या मागे ती दोन चाकं ठेवणीची म्हणून पडून होती. लाकडाला वाळवी लागली होती हे खरं, पण दोघांच्या बापाची वस्तू, एकाने न विचारता फोडली होती. कौतुक जिथल्या तिथे कडू झालं.

तेव्हापासून रूळ वाजला नाही. ट्रॉल्याही इंद्रभान आता घेत नव्हता, त्यामुळे चार माणसांची वेळच येत नव्हती. गोपाल म्हणाला, गरज सरो वैद्य मरो. प्रसेनजितने सुरुवातीला एकदोनदा चक्कर मारली, पण बोलावल्याशिवाय गेलेल्या माणसाला बसायला कोणी सांगत नाही, म्हणून तोही थांबला. आधी दिवसातून चारदा ज्या शेडमध्ये चहा व्हायचा तिथे आता नुसती मशीनची करकर. इंद्रभान एकटा फिरवायचा, एकटा जोडायचा, संध्याकाळी एकटा कुलूप लावायचा. आपला हात जगन्नाथ म्हणतात. पण जगन्नाथाला पाठ खाजवायला सुद्धा दुसरा लागतो, हे त्याला कोण सांगणार?

हरिओमची बायको छाया समजूतदार बाई. ती रोज रात्री तोच विषय काढायची, तुम्ही जा, तुम्ही लहान आहात, लहानाने वाकलं तर कमीपणा नाही. हरिओमचं उत्तर ठरलेलं. नेम मोडला तो दादाने. बोलावणं त्याच्याकडून यायला पाहिजे. त्याने फक्त रुळावर तीन टोले मारावेत, हातातलं टाकून गेलो नाही तर नाव सांगणार नाही. हे तो भिंतीकडे तोंड करून सांगायचा, आणि छायाला कळायचं की हा माणूस दिवसभर दुसरं काही करत नाही, टोल्यांची वाट बघतो. गेट जोडताना मधेच हात थांबवायचा, तोंडावरची वेल्डिंगची काच वर करायचा, ऐकायचा, पुन्हा काच खाली. एका भावाला विमान लागलं होतं आणि दुसऱ्याला भाऊ.

दिवाळी झाली, कापसाच्या गाड्या हायवेवर दिसू लागल्या. इंद्रभानने जुन्या व्हॅनचं इंजिन आणलं, चेन-कप्पीने एकट्याने उचललं आणि धडाच्या नाकाशी धरून त्याची बैठक टाक्यांवर जुळवली. टाके म्हणजे जागेवर धरण्यापुरते. त्यांचं पक्कं वेल्डिंग करायचं तर धड फिरवायला हवं. आणि इथे तो चुकला. घोडा त्याने बनवला होता रिकाम्या धडासाठी. रिकामं धड जिथे सोडाल तिथे तोल धरून राहायचं. इंजिन बसल्यावर सगळं वजन एका अंगाला आलं होतं. ट्रॉलीच्या धंद्यातला कच्चा पोरगाही सांगेल की एकांगी वजन फिरवताना पलीकडून धरायला माणूस पाहिजे. इंद्रभानलाही ते ठाऊक होतंच. पण पलीकडे माणूस पाहिजे असेल तर टोले मारावे लागणार, आणि टोले मारायचे म्हणजे सगळ्यांदेखत बोललेला शब्द गिळायचा. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. त्याने पिन काढली.

त्या दिवशी बाजार होता. सरस्वतीबाई बाजाराला गेली होती, प्रसेनजितनेही दुकानाचं शटर ओढून घेतलं होतं. गोपाल नांदुऱ्याच्या बाजूला बंद पडलेल्या ट्रकचं टायर खोलायला गेला होता. हायवेवर दुपारची सुस्ती होती. हरिओम एका शाळेच्या गेटची टोकं घासून काढत होता आणि छाया शेडच्या दारात गहू निवडत बसली होती. हरिओमने ग्राइंडर बंद करून डिस्क बदलायला घेतली, आणि त्याच वेळी लोखंडावर लोखंड वाजलं. एक, दोन, तीन.

दोघांनीही एकदम वर पाहिलं. छायाच्या हातातलं सूप तसंच राहिलं. तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते हरिओमने पाहिलं, कारण त्याच्याही चेहऱ्यावर तेच होतं. त्याने डिस्क खाली ठेवली. उठलाच होता. मग त्याने कडुनिंबाकडे बघितलं. झाडाखाली कोणी नव्हतं आणि रूळ फांदीला निश्चल लोंबत होता. आवाजही रुळाचा नव्हता. जरा पसरट, घुमणारा, धावेचा आवाज होता तो. म्हणजे दादा आत बसल्या बसल्या धावेवरच हातोडा मारत होता. रुळापर्यंत दहा पावलं यायला त्याला जड जात होतं.

पुन्हा तीन टोले पडले, जरा अंतर ठेवून.

"दादा बोलावून राह्यले," छाया म्हणाली. "जा ना तुमी."

"रुळावर काऊन नाही मारत मंग? बसल्या जागेवरून हुकूम सोडून राह्यला. मी काय त्याचा नोकर आहो?"

"टोल्याले नाही म्हनू नाही. मामंजींचा नेम आहे."

"रुळावर मारू दे. मंग जातो."

तो खाली बसला. बसला म्हणजे मनातून तो कधीच निघाला होता. फक्त पायांनी थोडी ऐट करायची होती. एवढे महिने वाट बघितली, आता दादाने अजून एकदा बोलवावं, झाडापर्यंत यावं, आपल्याला दिसावं, एवढंच. त्याने मुद्दाम डिस्क बसवायला वेळ लावला. छाया उभी राहिली होती. ती दोन पावलं अंगणात गेली आणि थांबली. मोठ्या दिराच्या शेडमध्ये, भांडण असताना, नवऱ्याने नाही म्हटल्यावर कसं जायचं, म्हणून थांबली. तिसऱ्यांदा आवाज आला तेव्हा दोघं कान देऊन होती. एक टोला पडला. मग बऱ्याच वेळाने दुसरा, हलका, हातोडा नुसता टेकवल्यासारखा. तिसरा आला नाही.

हरिओम म्हणाला, रुसला. आणि त्याने ग्राइंडर चालू केलं.

उन्हं कलल्यावर गोपाल परत आला. इंद्रभानकडे चेन-कप्पी मागायला म्हणून तो शेडमध्ये गेला आणि त्याची हाक ऐकून हरिओम धावला. विमानाचं धड फिरून तिरपं झालं होतं. इंजिन खाली आलं होतं, आणि इंजिन आणि तिवईचा पाय यांच्यामध्ये इंद्रभानची छाती दबली होती. डोळे उघडे. उजवा हात मोकळा राहिला होता आणि त्यात हातोडा होता. हात पोचेल तिथे धावेवर गंज उडून लखलखीत ठिपके पडले होते. त्याला ओरडता आलं नव्हतं. छातीवर वजन असलेल्या माणसाला ओरडायला वारा कुठून मिळणार? त्याच्याकडे जे होतं ते त्याने वाजवलं होतं.

तोवर प्रसेनजित आला, बाजाराची पिशवी घेऊन सरस्वतीबाई आली. ती किंचाळली नाही, पिशवी भिंतीशी ठेवली. उचलायला चार कोपरे होते. गोपाल आपल्या जागी गेला, प्रसेनजित त्याच्या, हरिओम शेपटीकडे डावीकडे, जिथे तो कायम असायचा. पुढचा उजवा कोपरा इंद्रभानचा. तिथे कोणी नव्हतं. सरस्वतीबाईने पदर खोचला आणि तो कोपरा धरला. कोणीतरी 'हां' म्हणायला पाहिजे होतं, ते इंद्रभान म्हणायचा. शेवटी कोणी काही न म्हणता चौघांनी उचललं. फार जड नव्हतं.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरने पोस्टमॉर्टेम झाल्यावर प्रसेनजितला आणि हरिओमला बाजूला घेऊन सांगितलं की जीव एकदम गेलेला नाही. बरगड्या मोडल्या होत्या, पण मारलं ते दाबाने. वेळेवर दोन माणसांनी वजन उचललं असतं तर माणूस वाचण्यासारखा होता. प्रसेनजित आपल्याशीच म्हणाला की आज दुकान बंद करायला नको होतं. हरिओमला त्या क्षणी जमिनीने गिळलं असतं तर त्याने उपकार मानले असते, पण जमीन असल्या वेळी कोणालाच गिळत नाही.

तेराव्याच्या आदल्या दिवशी सरस्वतीबाईने विचारलं. आरोप करायला नाही. तिला फक्त नवऱ्याचा शेवटचा वेळ जोडून बघायचा होता, कसा गेला, किती गेला. ओसरीवर हरिओम होता, छाया पोळ्या मोजत होती.

"भाऊजी, त्यायनं धाव वाजवली म्हनतात. तुमाले काही आयकू आलं नाही का?"

हरिओमने छायाकडे पाहिलं नाही. "ग्राइंडर चालू होतं, वहिनी."

सरस्वतीबाईने मान हलवली. ग्राइंडरपुढे काय ऐकू येणार, असं उलट तीच म्हणाली, आणि देवाने वेळ तशी आणली म्हणत उठून आत गेली. छायाच्या हातातली पोळी तशीच राहिली. तिने त्या दिवशी तोंड उघडलं नाही आणि नंतरही कधी तो विषय काढला नाही. फक्त एक झालं. रात्री भिंतीकडे तोंड करून हरिओम झोपायचा, तशी आता तीही दुसऱ्या भिंतीकडे तोंड करून झोपू लागली. लोक म्हणायचे, भावाच्या दुःखाने हरिओम पार वाळला. दुःख होतंच. पण आणखी जे होतं त्याला नाव नव्हतं, आणि ते सांगायला माणूसही नव्हता, कारण सांगण्यासारखा एकच होता आणि तोच गेला होता.

उन्हाळ्याच्या तोंडी सरस्वतीबाईने विमान भंगारात द्यायचं ठरवलं. शेड भाड्याने द्यायची होती आणि ते धड मधेच अडवून बसलं होतं. मलकापूरहून भंगारवाला दोन माणसं घेऊन आला. पाईप कापून न्यायचे, इंजिन न्यायचं, ठरलं. धावा मात्र द्यायच्या नाहीत, असं तिने बजावून सांगितलं. सासऱ्यांच्या हातच्या आहेत, त्या सोडवून हरिओम भाऊजींच्या शेडमध्ये ठेवून द्या. त्यायच्याच आहेत त्या आता.

क्लॅम्प गंजून बसले होते. पाना लागेना. भंगारवाल्याच्या माणसाने घण घेतला आणि क्लॅम्प ढिला व्हावा म्हणून धावेवर मारायला सुरुवात केली.

हरिओम आपल्या शेडमध्ये एका खिडकीचं ग्रिल घासत होता. ग्राइंडर पूर्ण जोरात, ठिणग्यांचा फवारा गुडघ्यापर्यंत, तोंडावर काच. पहिला टोला पडला तेव्हा त्याचे खांदे उचलले. दुसऱ्याला ग्राइंडर हातातून सुटलं. तिसरा पडायच्या आत तो अंगण ओलांडून, काच कपाळावर ढकलत, कडुनिंबाखालून धावत दादाच्या शेडमध्ये आला होता, आणि भंगारवाला, त्याची माणसं, कोणाकडेही न बघता शेपटीकडचा डावा कोपरा दोन्ही हातांनी धरून उभा राहिला. पाय रोवून. 'हां' ऐकायची वाट बघत.

घणवाला थांबला. त्याला वाटलं, मालक रागावून आले. तो म्हणाला की नुसता क्लॅम्प सोडवतोय, उचलायचं काही नाही. हरिओमला धाप लागली होती.

सरस्वतीबाई पुढच्या उजव्या कोपऱ्याशी उभी होती. तिने त्याच्याकडे पाहिलं. मग दारातून बाहेर, अंगणापलीकडे पाहिलं. तिकडून करकर सारखी ऐकू येत होती.

"ग्राइंडर तर आज बी चालू होतं, भाऊजी," ती म्हणाली.

हरिओमने कोपरा सोडला नाही. दारात छाया येऊन उभी राहिली होती. पलीकडच्या शेडमध्ये जमिनीवर पडलेलं ग्राइंडर बंद करायला कोणी गेलं नाही.